गप्प हब: एकदा 'नवी' करून झालेल्या जुन्या रॅलेचं प्रकरण

जुनी सायकल दुरुस्तीला येते ती दोनपैकी एका वाटेने. एक तर ती वर्षानुवर्षं अडगळीत पडून गंजलेली असते, नाहीतर कुणीतरी ती आधीच हौसेने 'नवी' करून घेतलेली असते. पहिली पाहून लोक हळहळतात, दुसरीचं कौतुक करतात. काम करणाऱ्याला मात्र पहिली परवडते. गंज कुठे बसतो, किती खोल जातो, कशाने निघतो हे ठरलेलं आहे. आधीच्या हाताने काय करून ठेवलंय ते मात्र एकेक भाग उघडेपर्यंत कळत नाही. हे प्रकरण दुसऱ्या वाटेने आलेल्या सायकलीचं आहे.

सायकल इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यातली, पुरुषी फ्रेमची 'स्पोर्ट्स'. केबलचे ब्रेक, २६ बाय १ ३/८ ची चाकं, हँडलवर गियरचा ट्रिगर आणि मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गियरचा 'एडब्ल्यू' हब, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा, गियर पोटात असलेला तुंबा. हबच्या कवचावर ५७ हा आकडा ठोकलेला. या हबांवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकायची पद्धत होती, त्यामुळे हब १९५७ चा, एवढं नक्की. सायकलही त्याच वर्षाची, असं मात्र लगेच धरू नये. चाकं बदलली जातात, हब एका सायकलीतून दुसऱ्या सायकलीत जातात. इथे पुढच्या-मागच्या रिमची जोडी, ३२ आणि ४० आऱ्यांची जुनी इंग्लिश विभागणी आणि चेनव्हील (पायडलकडचं दातेरी चाक) एकमेकांशी जुळत होतं, म्हणून फार शंका घेतली नाही.

सायकल मालकीणबाईंच्या वडिलांची. ते गेल्यावर घरच्यांनी ती एका कारागिराकडून रंगवून, चमकवून, 'पूर्ण ओव्हरहॉल' करून आणली होती. भिंतीला टेकवून ठेवायची असती तर तक्रारच नव्हती. पण बाईंना ती रोज चालवायची होती. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या गियरमध्ये चढावर जोर दिला की पायडल अचानक रिकामं फिरतं. एकदा तर छाती हँडलवर आपटली. तिसरा गियर वडिलांच्या वेळी जड असायचा, आता अगदीच हलका लागतो. आणि पायडलच्या प्रत्येक फेरीला पायाखाली 'टक' असा धक्का बसतो.

मग जाता जाता, तक्रार म्हणून नव्हे, कौतुक म्हणून त्या म्हणाल्या, "एक मात्र छान झालंय हं. बाबांची सायकल सारखी टिकटिक करायची. आता लोण्यासारखी चालते, काही आवाज नाही."

निदानाला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच वाक्य. एडब्ल्यू हब दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरमध्ये, पायडल मारत असताना, टिकटिकलाच पाहिजे. त्याला गप्प बसायची मुभा आहे ती फक्त पहिल्या गियरमध्ये.

हबच्या पोटात काय चालतं

हा हब १९३६ मध्ये आला आणि किरकोळ बदल सोडले तर त्याची रचना पुढे अनेक दशकं तीच राहिली. नॉटिंगहॅममधलं उत्पादन २००० साली थांबलं, कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली. इतका काळ टिकलेलं यंत्र म्हटल्यावर ते साधं असणार, आणि ते आहेही. मधोमध एक्सलला घट्ट असलेलं २० दात्यांचं सूर्यचक्र. त्याच्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचक्रं, ती एका पिंजऱ्यात बसवलेली. आणि सगळ्यांना बाहेरून कवेत घेणारी ६० दात्यांची कडी. कडी एक फेरी फिरली की पिंजरा पाऊण फेरी फिरतो. पिंजरा एक फेरी फिरला की कडी एक पूर्णांक एक तृतीयांश. सगळं गणित एवढंच.

चेनकडून आलेला जोर एक क्लच हबमध्ये पोचवतो. चार हातांचा हा छोटा तुकडा एक्सलवर पुढे-मागे सरकतो. केबल ढिली असेल तर तो पिंजऱ्याला धरतो आणि कडी वेगाने फिरते, हा तिसरा गियर. केबल थोडी ओढली की तो कडीला धरतो, हा दुसरा, म्हणजे सरळ गियर. आणखी ओढली की कडीला धरलेलाच राहतो, पण कडीवरचे खटके दाबून टाकतो. मग हबचं कवच पिंजऱ्यासोबत, म्हणजे कडीच्या पाऊण वेगाने फिरतं, हा पहिला.

खटके म्हणजे स्प्रिंगवर उभ्या राहणाऱ्या, कवचाच्या आतल्या दात्यांत अडकणाऱ्या जिभा. दोन कडीवर, दोन पिंजऱ्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये कडीचे खटके कवचाला ओढतात आणि पिंजरा मागे पडतो. मागे पडणाऱ्या पिंजऱ्याचे खटके दात्यांवरून घसरत जातात, तीच टिकटिक. पहिल्या गियरमध्ये कडीचे खटके दाबलेले असतात, पिंजऱ्याचे खटके स्वतःच ओझं ओढत असतात, म्हणून शांतता.

आता समजा, कडीचे खटके चिकटून बसले, उभेच राहत नाहीत. तर हब बंद पडायला हवा ना? पडत नाही. दुसऱ्या गियरमध्ये कडी फिरते, ती पिंजऱ्याला पाऊण वेगाने फिरवते, पिंजऱ्याचे खटके कवचाला धरतात आणि सायकल चालते, पण पहिल्या गियरने. तिसऱ्यात क्लच थेट पिंजऱ्याला फिरवतो आणि सायकल दुसऱ्या गियरने चालते. ट्रिगरवर तीन खाचा, पायाला दोनच गियर, आणि टिकटिक कुठेच नाही. हबचं एक अंग मेलं तर दुसरं काम सांभाळून घेतं. ही या रचनेची खुबी आहे, आणि दोष लपून राहतो तोही तिच्यामुळेच.

बाईंचा हलका तिसरा गियर आणि गप्प हब यांचा अर्थ असा एकाच ठिकाणी लागत होता. पण हब उघडण्याआधी खात्री करून घ्यायला हवी होती. कारण अगदी हीच लक्षणं केबल प्रमाणाबाहेर ताणलेली असली तरी दिसतात. तेव्हाही दुसऱ्या खाचेत पहिला गियर लागतो आणि तिसऱ्या खाचेत दुसरा.

मोजणी

सायकल उलटी केली. मागच्या टायरवर खडूची खूण, चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या आडव्या नळीवर, एक खूण. चेनव्हील ४६ दात्यांचं, मागचा स्प्रॉकेट १८ चा. म्हणजे क्रँकच्या (पायडल धरणाऱ्या दांडीच्या) एका फेरीत चाक सरळ गियरमध्ये २.५६ फेऱ्या फिरायला हवं, पहिल्यात १.९२ आणि तिसऱ्यात ३.४१. फरक इतका मोठा आहे की डोळ्यांनी मोजलं तरी चालतं.

आधी केबलकडे पाहिलं. हबमधून बाहेर येणाऱ्या छोट्या साखळीची चावीदार नळी जवळजवळ शेवटच्या आट्यांवर आली होती. कुणीतरी केबल ढिली करत करत गेलं होतं. ती प्रमाणात आणली. याची खूण सोपी आहे. ट्रिगर दुसऱ्या खाचेत ठेवायचा आणि उजव्या नटच्या भोकातून आत पाहायचं. साखळीला जोडलेल्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर समतल दिसलं पाहिजे. एवढं करून मोजलं तर पहिल्या खाचेत चाक दोन फेऱ्यांना किंचित कमी, दुसऱ्या खाचेत तेवढंच, आणि तिसऱ्या खाचेत अडीचच्या थोडं वर.

मग केबल साखळीपासून सोडूनच टाकली. आता ओढणारं काही उरलं नाही, तेव्हा हबने तिसरा गियरच द्यायला हवा. चाक तरीही अडीचच्या आसपास थांबलं. म्हणजे दोष केबलचा नाही. आता एकच शंका राहिली: क्लच त्याच्या जागी पूर्ण परतलाय का? साखळी बोटाने ओढून सोडली. ती सुस्तपणे का होईना, पण पूर्ण आत गेली. क्लच जागेवर होता. खटकेच उभे राहत नव्हते.

इथे पहिल्या तक्रारीचाही उलगडा झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मधे या हबात एक पोकळ जागा आहे. तिथे क्लच ना कडीला धरतो, ना पिंजऱ्याला. केबल ढिली असली की दुसऱ्या खाचेतला क्लच या पोकळीच्या काठावर उभा राहतो, आणि चढावर उभं राहून जोर दिला की पडतो आत. मूळ दोष खटक्यांचा. तो केबलचा समजून कुणीतरी केबल ढिली करत गेलं. त्यातून नवा दोष आला, आणि हा दुसरा जास्त धोक्याचा. खटके चिकटल्याने माणूस पडत नाही, पायडल रिकामं गेल्याने पडतो.

एक गोष्ट आधीच बघून ठेवली होती, ती सांगायला हवी. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्टर्मी-आर्चरने एसडब्ल्यू नावाचा वेगळा तीन-गियरचा हबही काढला होता, आणि तो घसरण्याबद्दल बदनाम आहे. १९५७ च्या सायकलीत तो निघाला असता तर सगळा विचार बदलावा लागला असता. म्हणून वर्षाआधी कवचावरची अक्षरं वाचावीत.

हब उघडल्यावर

कवचावर तेल घालायचं एक छोटं भोक असतं, त्याला टोपी असते. इथे टोपी नव्हती आणि भोकात पिवळट ग्रीसचं बूच बसलेलं होतं. उघडण्याआधीच अर्धं उत्तर मिळालं.

उजव्या बाजूची बॉल-रिंग कवचात आट्यांनी बसते. तिच्या खाचेत बोथट छिन्नी लावून घड्याळाच्या उलट्या दिशेने ठोकून ती सोडवतात. सोडवण्याआधी रिंगच्या एका खाचेसमोर कवचावर खूण करून ठेवावी लागते, कारण तिचे आटे दुहेरी सुरुवातीचे आहेत. चुकीच्या सुरुवातीने परत बसवली तर सरळ केलेल्या चाकात पुन्हा आऊट येऊ शकतो. ही खूण करायला एक क्षण लागतो. ती आधीच्या कारागिरानेही केलेली दिसली, आणि याचं श्रेय त्याला द्यायला हवं. छिन्नीचे घाव मात्र खाचेच्या बाहेरही पडले होते.

आतला सगळा गाभा ग्रीसमध्ये बुडवून काढल्यासारखा होता. बेरिंगला लावतात तसलं जाड ग्रीस, ते आता मेणासारखं घट्ट झालेलं. कडीवरचा एक खटका बोटाने दाबला. तो दबला आणि तसाच राहिला. दुसरा दाबला, तो निम्म्यावर येऊन थांबला. त्यांची स्प्रिंग केसासारख्या बारीक तारेची असते, तिच्यात ग्रीस फाडून उठायचं बळ कुठून येणार? पिंजऱ्याच्या बाजूला ग्रीस कमी पोचलं होतं, ते खटके टणकन उठत होते.

हे ग्रीस भरणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला जुना हब वाजताना ऐकू आला, वाजणारी वस्तू म्हणजे झिजलेली वस्तू असं त्याला वाटलं, आणि त्याने आवाज थांबेपर्यंत ग्रीस भरलं. सायकलीच्या बाकी सगळ्या बेरिंगांना हाच न्याय लागू पडतो. स्टर्मी हबला पडत नाही. याला हलकं तेल लागतं, थोडं थोडं पण नियमित, आणि जादा झालेलं तेल बाहेर झिरपून जातं, सोबत मळही नेतं. ग्रीस फक्त बाहेरच्या छर्‍यांच्या जागी. इंग्लिश तीन-गियरवाल्या सायकलींवर भरपूर लिहून ठेवणारे अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) तेलाचाच आग्रह धरत. दाराच्या बिजागरीला घालतात तसलं घरगुती तेलही इथे नको. ते वाळून डिंक होतं आणि खटके पुन्हा तसेच चिकटतात.

सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन काढले, ब्रशने, मग कापडावर ओळीने मांडले. खटक्यांच्या कडा भिंगाखाली पाहिल्या. चारही शाबूत होते. कडीच्या दात्यांना काही झालेलं नव्हतं. क्लचला मात्र झालं होतं. त्याच्या हातांचे कोपरे गोल झाले होते, म्हणजे पोकळीच्या काठावर किती वेळा घसरला असेल त्याचा हिशेब त्याच्याच अंगावर कोरलेला. नुसता ग्रीस काढला असता तर खटके सुधारले असते, पण क्लच जोरात घसरतच राहिला असता. दुसऱ्या एका जुन्या एडब्ल्यूमधला, धारदार कोपऱ्यांचा क्लच बसवला. या हबांचे सुटे भाग दशकानुदशकं एकमेकांत बसत आले आहेत, आणि म्हणूनच जुने, मोडके हब कुणी फेकायला काढले की हौशी माणूस ते उचलून ठेवतो.

खटक्यांच्या स्प्रिंगा नव्या घातल्या. जुन्या तुटलेल्या नव्हत्या, पण हब उघडलाच आहे तर त्या जुन्याच ठेवण्यात शहाणपण नाही. जुळवणी करताना उजवा कोन, म्हणजे बेरिंगचा शंकूच्या आकाराचा नट, बोटाने घट्ट बसेपर्यंत फिरवून अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि तिथेच बांधायचा. चाकाचा खेळ नंतर डाव्या कोनवर काढायचा. उजवा कोन अंदाजाने आवळला की गियरची जुळवणी कधीच नीट बसत नाही. तेलाच्या भोकाला टोपी मिळाली, तीही दुसऱ्या हबवरून.

पुन्हा मोजलं. १.९२, २.५६, ३.४१. टिकटिक सुरू.

बाई पहिली फेरी मारून आल्या त्या काळजीतच. "अहो, आवाज परत यायला लागला. काही सैल राहिलंय का?" त्यांना चाक उचलून, ट्रिगर एकेका खाचेत टाकून दाखवावं लागलं: या खाचेत गप्प, या दोन्हीत बोलणार. दुसऱ्या खाचेत कधी गप्प झाला तर चालवायचं थांबवून केबल बघायची. असं सांगितलेलं मालकाच्या लक्षात राहतं. तेलाचं वेळापत्रक राहत नाही.

पायाखालची 'टक'

तिसरी तक्रार क्रँकची. या काळातल्या क्रँक एक्सलवर कॉटर पिनने, म्हणजे एका बाजूला उतरता सपाट भाग असलेल्या पाचरीने बसतात. रॅलेच्या क्रँकना ९.५ मिमीची पिन लागते. इथे ९ मिमीच्या पिना निघाल्या, कानशीने सपाट भाग वाढवून, नट जीव खाऊन आवळलेले. बारीक पिन नटने ओढून घट्ट होत नाही, फक्त तिचे आटे ताणले जातात. मग ती भोकात हलते आणि हलता हलता भोक लांबोडकं करते. डाव्या क्रँकचं भोक तसं झालंच होतं. शिवाय दोन्ही पिना एकाच दिशेने घातल्या होत्या, त्यामुळे क्रँक एका रेषेत नव्हत्या. एक पाय खाली पोचला की दुसरा अजून वर पोचलेला नसायचा. बाई म्हणाल्या, त्यांना ते आपल्या पायांचंच काहीतरी वाटलं होतं!

पिना काढायला प्रेस, म्हणजे पिन दाबून सरकवणारं हत्यार, वापरला. प्रेस नसेल तर हातोडा चालतो, पण क्रँकखाली पाईपचा तुकडा उभा ठेवून, म्हणजे घाव छर्‍यांपर्यंत जात नाही, आणि नट दोन-चार आट्यांवर ठेवून, म्हणजे पिनचं टोक पसरत नाही. योग्य मापाच्या नव्या पिना आणल्या, त्यांचा सपाट भाग एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकेल इतकाच कानसला, एक नट पुढे आणि एक मागे अशा उलट दिशांनी घालून प्रेसनेच दाबल्या. नट नुसता जागेवर धरून ठेवायला. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पिना पुन्हा दाबाव्या लागतात, तशा दाबल्या.

क्रँक निघाल्या तेव्हा आणखी एक प्रताप दिसला. बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या जागेचा, डावा कप (बेरिंगची वाटी) दुसऱ्या कुठल्यातरी सायकलीचा होता. रॅले आपल्या सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटला इंचाला २६ आटे पाडत असे, बाकी इंग्लिश सायकलींत २४ असतात. २४ चा कप २६ च्या कवचात पहिले दोन फेरे सुखाने जातो, मग अडतो. अडल्यावर थांबायचं असतं. आधीच्या हाताने मोठा पाना लावला होता. सुदैवाने तो कप अर्ध्यावरच थांबला होता, म्हणून बाहेरचे थोडेच आटे चेपले होते. २६ आट्यांचा एक जुना पोलादी कप घेतला, त्यात कापून खाचा पाडल्या आणि तेल घालून, पाव फेरा पुढे, थोडा मागे असं करत चेपलेले आटे त्यानेच उघडले. टॅप (आटे पाडायचं हत्यार) नसेल तेव्हा ही युक्ती चालते. मात्र ही आटे सरळ करण्याची युक्ती आहे, गेलेले आटे तिने परत येत नाहीत.

रंग, मुलामा आणि चामडं

इथे करण्यासारखं कमी होतं. खरं सांगायचं तर जास्त चीड इथेच आली. हबमधला ग्रीस धुता येतो. घासून गेलेलं पितळ परत येत नाही.

मूळ रंग पत्र्यापर्यंत घासून काढून वर जाड काळा चकचकीत रंग दिला होता. त्या काळातल्या रॅलेवर रंगाखाली गंजरोधक फॉस्फेटचा थर असे, फ्रेमवर 'स्प्रा-बाँडराइझ्ड' असं त्याचं लेबलही लावत. तो थरही गेला, म्हणून नव्या रंगाखाली सांध्यांच्या कडेला गंजाचे फुगे आले होते. (जुना रंग कोरडा घासणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की त्यात शिसं असण्याची दाट शक्यता असते, आणि ती धूळ श्वासात जाते.) पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला, ज्यावर रॅलेचा बगळा असतो, तो बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरून सपाट केला होता. त्याचे रंग गेले, बगळ्याचा डोळा गेला. चेनव्हीलमधले कापीव बगळेही नव्या मुलाम्याआधीच्या बफिंगने कडा हरवून बसले होते. मूळ चेनव्हीलवर चोचीची कड बोटाला लागते. इथे बोट घसरून जायचं.

बाईंना विचारलं, रंग काढायचा का? काढून काय मिळणार होतं? खालचा मूळ रंग तर उरलाच नव्हता. तेव्हा फक्त फुगे आलेल्या जागा साफ करून, प्रायमर देऊन, तेवढ्याच बुजवल्या. सीटच्या नळीच्या वरच्या सांध्यावरचा फ्रेम नंबर रंगाने भरला होता, तो टोकदार लाकडी काडीने आणि थिनरने मोकळा केला. नंबर वाचता येणं ही सायकलीच्या ओळखीची बाब आहे. ब्रिटनमध्ये १९५५ पासून चालणाऱ्या व्हेटरन-सायकल क्लबसारख्या मंडळींचा वय ठरवण्याचा खटाटोप अशा नंबरांवरच चालतो. बिल्ला तसाच ठेवला. नवा छापील बिल्ला मिळतो, पण वडिलांच्या सायकलीवर नक्कल नको, असं बाईंचंच म्हणणं पडलं, आणि ते मला पटलं.

ब्रुक्सची चामडी सीट तेलात भिजवून मऊ केली होती. बसलं की मधे खड्डा पडून बाजू बाहेर फाकायच्या. ही सीट मऊ असण्यासाठी नसतेच. चामडं ताठ ताणलेलं असतं आणि बसणाऱ्याच्या वजनाने हळूहळू त्याच्यापुरतं वळतं. तेल प्यायलेलं चामडं ताणाचा बोल्ट आवळून फक्त आणखी लांबतं. म्हणून बोल्टला हात लावला नाही. दोन्ही बाजूंच्या खालच्या कडांना भोकं पाडून, दोरीने बूट बांधतात तशा त्या आतून एकमेकींकडे ओढून बांधल्या. वरून काही दिसत नाही आणि बाजू फाकत नाहीत. ही सीट आणखी किती चालेल ते मी सांगू शकलो नाही, पण तूर्त बसायला ठीक झाली.

रिम पोलादी, मुलाम्याच्या. आतल्या बाजूचा गंज ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने काढला. हे विषारी आहे, हातमोजे हवेतच, पण चांगल्या मुलाम्याला ते त्रास देत नाही, तारेचा चोथा देतो. ओल्या पोलादी रिमवर साधे रबरी ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत, म्हणून चामड्याची पट्टी असलेले ब्रेकपॅड घातले. टायर मात्र आधीच्या माणसाने बरोबर मापाचे आणले होते, ५९० मिमीचे. '२६ इंची' नावाखाली ५५९, ५९० आणि ५९७ अशी एकमेकांत न बसणारी मापं विकली जातात, तेव्हा ही गोष्टही त्याच्या खात्यात जमा करायला हवी.

सायकल परत दिली ती दोन गोष्टी उघड्या ठेवून. एक, रंगाचे फुगे बुजवलेल्या जागा सोडून इतर कुठे उठतात का ते एक पावसाळा गेल्यावर बघायचं. दुसरी, डाव्या क्रँकचं लांबोडकं भोक. नवी पिन तिथे सध्या घट्ट आहे, पण भोकाच्या टोकांना ती टेकत नाही. हाताने पायडल मागे-पुढे हलवून जराही खेळ जाणवला तर पिन पुन्हा आवळत बसायचं नाही, क्रँक बदलायची. त्याच काळातली, त्याच लांबीची एक डावी क्रँक साफ करून, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवली आहे. तिच्यावर मालकीणबाईंचं नाव लिहिलंय.